जुनी कॅमेरा लेन्स घ्यायचीय? विश्वासाची जागा कशी ओळखाल आणि लेन्स कशी तपासाल

मोबाइलवर फोटो काढता काढता कधीतरी घरात कॅमेरा येतो. कुणाला आखातातून आलेल्या मामाचा मिळतो, कुणी स्वतः पैसे साठवून सेकंडहँड बॉडी घेतो. पहिला महिना मजेत जातो आणि मग प्रश्न पडतो, की संध्याकाळी मोबाइलचा फोटो कॅमेऱ्यापेक्षा चांगला का येतोय?

मी उत्तनला राहतो. इथली बरीच मुलं लग्नं, साखरपुडे, वेलंकनीचा सण, बंदरावरच्या होड्या असं शूट करतात, आणि बहुतेकांचं गाडं याच प्रश्नावर अडतं. उत्तर असतं लेन्स. पण नवी लेन्स बजेटमध्ये बसत नाही, म्हणून मग जुनी शोधायला लागतात. "दादा, ऑनलाइन एक भारी डील मिळालीय, घेऊ का?" असा मेसेज मला महिन्यातून एकदा तरी येतोच. त्या सगळ्यांना जे सांगतो, ते आज इथे एकत्र लिहितोय.

आधी समजून घ्या: लेन्सनं नेमका काय फरक पडतो?

कॅमेऱ्यासोबत फुकट येणारी १८-५५ मिमीची किट लेन्स साधारण एफ/३.५ ते एफ/५.६ असते. म्हणजे ५५ मिमीपर्यंत झूम केलं, की लेन्सचं तोंड जास्तीत जास्त एफ/५.६ इतकंच उघडतं. त्याच जागी ५० मिमी एफ/१.८ ची साधी प्राइम लेन्स लावली, तर सेन्सरवर जवळपास ९ ते १० पट प्रकाश पडतो. किट लेन्सवर जिथे शटर १/२० सेकंद ठेवावं लागतं आणि नाचणारी माणसं पुसट येतात, तिथे आता १/२०० सेकंद चालतं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी आणायला वरात निघते ना, तेव्हा हाच फरक कामाला येतो. मोबाइल तिथे चार-सहा फोटो एकत्र जोडून काम भागवतो. कॅमेऱ्याला खरा प्रकाश लागतो.

जुन्या लेन्स सध्या स्वस्त का मिळतायत?

कॅनन आणि निकॉन दोघांनी २०१८ मध्ये नवे मिररलेस माउंट आणले. कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड. व्यावसायिक फोटोग्राफर तिकडे वळले आणि त्यांच्या डीएसएलआरच्या लेन्स बाजारात आल्या. कॅननचा ईएफ माउंट १९८७ पासूनचा आणि निकॉनचा एफ माउंट तर १९५९ पासूनचा, म्हणजे कित्येक दशकांचा माल पडून आहे. काच काही आपोआप म्हातारी होत नाही. नीट सांभाळलेली दहा वर्षांपूर्वीची लेन्स आजही तितकाच स्वच्छ फोटो देते. सगळा प्रश्न त्या "नीट सांभाळलेली" या शब्दांचा आहे.

दुकानात जायच्या आधी: माउंट जुळतो का?

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. लेन्स उत्तम असते, दुकानदारही प्रामाणिक असतो, फक्त ती तुमच्या बॉडीसाठी नसते. हे लक्षात ठेवा:

- कॅनन डीएसएलआर: ईएफ लेन्स सगळ्या ईओएस डीएसएलआर बॉडींवर बसते. ईएफ-एस लेन्स मात्र फक्त छोट्या सेन्सरच्या बॉडीवर, फुल फ्रेमवर नाही.
- कॅनन आर सिरीज: जुन्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स कॅननचा अडॅप्टर लावून ऑटोफोकससकट चालतात. उलट मात्र होत नाही, आरएफ लेन्स डीएसएलआरवर बसत नाही.
- निकॉन डीएसएलआर: जुन्या "एएफ-डी" लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत लागते. डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत ती मोटर नाही, डी७२०० मध्ये आहे. "एएफ-एस" लिहिलेल्या लेन्समध्ये मोटर लेन्सच्याच पोटात असते.
- निकॉन झेड: निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही मोटर नाही. म्हणजे एएफ-डी लेन्स तिथे हातानंच फोकस करावी लागते.
- सोनी ई: या बॉडीवर अडॅप्टरनं खूप प्रकारच्या जुन्या लेन्स बसतात, पण साध्या अडॅप्टरवर ऑटोफोकस मिळत नाही.

आमच्या गावातल्या एका मुलाचा किस्सा सांगतो. पहिल्या लग्नाची ऑर्डर मिळालेली, तारीख तीन आठवड्यांवर. दोन सीझन बोटीवर जाऊन साठवलेले पैसे हातात. त्याला निकॉनची ५० मिमी एफ/१.८डी खूप कमी किमतीत मिळत होती. लेन्स खरोखरच चांगली होती. मी फक्त विचारलं, "बॉडी कुठली रे?" तो म्हणाला, "डी३५००." म्हणजे लग्नात प्रत्येक फोटो हातानं फोकस करायचा, तेही एफ/१.८ वर, जिथे नाक शार्प आणि डोळा पुसट व्हायला वेळ लागत नाही. त्यानं थोडे पैसे जास्त घालून एएफ-एस ५० मिमी एफ/१.८जी घेतली आणि ऑर्डर नीट पार पडली. नावातल्या एका अक्षराचा फरक होता!

विश्वासाची जागा म्हणजे काय?

दुकान मोठं, काचेचं, एसीचं आहे म्हणून ते विश्वासाचं होत नाही. मी चार गोष्टी बघतो:

१. उद्या परत गेलो तर तोच माणूस तिथेच भेटेल का?
२. बिलावर लेन्सचं पूर्ण नाव आणि सिरियल नंबर लिहून देतो का?
३. माझ्या स्वतःच्या बॉडीवर लावून, बाहेर उजेडात फोटो काढू देतो का?
४. काही दिवसांत दोष निघाला तर परत घेईन, असं लेखी देतो का?

चारही "हो" असतील तर दोन पैसे जास्त मोजायला हरकत नाही. तिसऱ्याला "नाही" म्हणाला, तर मी तिथे थांबतच नाही.

परदेशात जुन्या लेन्सचा धंदा कसा चालतो ते बघितलं तर ही मागणी काही जगावेगळी नाही हे कळतं. अमेरिकेतली केईएच ही कंपनी १९७९ पासून आणि ब्रिटनमधली एमपीबी २०११ पासून हेच काम करतेय. तिथे प्रत्येक लेन्सला अवस्थेनुसार श्रेणी दिलेली असते. तिथून मागवायला मी सांगत नाही, कारण सीमाशुल्क आणि वाहतूक धरली की स्वस्ताई संपते, आणि दोष निघाला तर परत पाठवणं आणखी महाग. पण त्यांच्या साइटवर एकदा फिरून या. प्रामाणिक वर्णन कसं असतं याचा अंदाज येतो आणि कुठली लेन्स भाव टिकवून आहे तेही समजतं.

आपल्या भागात कुठे शोधायची?

१. बोरा बाजार, फोर्ट. मुंबईत कॅमेऱ्याचं मार्केट म्हटलं की हीच गल्ली, सीएसएमटी स्टेशनच्या जवळ. नवं, जुनं, फ्लॅश, ट्रायपॉड, दुरुस्ती सगळं आसपास. उत्तनहून बसनं भाईंदर पश्चिम, तिथून चर्चगेट लोकल आणि पुढे फोर्टमध्ये चालत, म्हणजे दिवस गेला असं समजूनच निघा. रविवारी जाऊ नका, फोर्टातली बरीच दुकानं तेव्हा बंद असतात. पहिल्या दुकानात लगेच घ्यायचं नाही. तीन-चार ठिकाणी त्याच लेन्सचा भाव विचारा. भाव विचारताना "विकायची असेल तर किती द्याल?" हेही एखाद्या दुकानात विचारून बघा. घेण्याच्या आणि विकण्याच्या भावातलं अंतर कळलं, की घासाघीस कुठपर्यंत करायची ते आपोआप कळतं.

२. चोर बाजार, मटण स्ट्रीट. इथे फिल्मच्या जमान्यातला माल मिळतो, म्हणजे झेनिट, पेंटॅक्स, यशिका वगैरे. मिररलेस बॉडी असेल आणि हातानं फोकस करायची हौस असेल, तर एम४२ चुडीच्या जुन्या लेन्स (उदाहरणार्थ रशियन हेलिओस ४४) अडॅप्टर लावून खूप मजा देतात. पण इथे बिल नाही, परतावा नाही. बुडाले तरी झोप उडणार नाही एवढेच पैसे घेऊन जा. कामाची, ऑर्डरसाठीची लेन्स इथून नको. शुक्रवारी इथली नेहमीची दुकानं बंद असतात आणि रस्त्यावरचा जुम्मा बाजार भरतो, तेही लक्षात ठेवा.

३. ओळखीचा फोटोग्राफर किंवा स्टुडिओ. माझ्या मते पहिल्या लेन्ससाठी ही सगळ्यात चांगली जागा. भाईंदर, बोरिवली, वसई पट्ट्यात लग्नाचे फोटोग्राफर भरपूर आहेत आणि त्यातले बरेच मिररलेसवर गेलेत. त्यांना थेट विचारा, "काका, जुनी ५० मिमी पडून आहे का?" माणूस ओळखीतला असतो, लेन्स कुठे वापरली ते सांगतो आणि बिघडली तर फोन उचलतो. एक मात्र खरं, लग्नात वापरलेली लेन्स भरपूर राबलेली असते. तपासणी ओळखीतही सोडायची नाही.

४. ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस. भाव इथे सगळ्यात कमी आणि धोका सगळ्यात जास्त. माझा नियम एकच: समोरासमोर भेट, दिवसाढवळ्या, स्टेशनजवळच्या कॅफेसारख्या गजबजलेल्या जागी, कॅमेरा सोबत. कुरिअरनं मागवायची नाही.

५. भाड्यानं देणारे. हे खरं तर खरेदीच्या आधीचं पाऊल. कुठली लेन्स घ्यायची तेच ठरत नसेल तर एक दिवस भाड्यानं आणा. शिवाय भाड्यानं देणारे अधूनमधून आपला जुना स्टॉक विकतात, तेही विचारून ठेवा.

भेटायला जायच्या आधी घरबसल्या करायची कामं

इथे तुमचा मोबाइलच कामाला येतो.

- जाहिरातीतला फोटो गूगल लेन्सवर टाका. तोच फोटो दुसऱ्या शहरातल्या जाहिरातीत किंवा एखाद्या परदेशी साइटवर दिसला तर विषय संपला.
- विक्रेत्याला सांगा, एका कागदावर आजची तारीख लिहून लेन्सच्या बाजूला ठेवा आणि फोटो पाठवा. लेन्स हातात असणाऱ्याला यात एक मिनिट लागतं.
- त्या लेन्सनं काढलेला एक मूळ फोटो व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून मागा. साधा फोटो पाठवला की व्हॉट्सॲप त्यातली माहिती काढून टाकतं. डॉक्युमेंटमध्ये कॅमेरा, लेन्स, तारीख दिसते, आणि काही कॅमेरे तर लेन्सचा सिरियल नंबरही नोंदवतात.
- लेन्समधून टॉर्च मारून काढलेला व्हिडिओ मागा. "बॅटरी नाही", "नंतर पाठवतो" अशी उत्तरं आली, तर उत्तर मिळालं असंच समजा.

दहा मिनिटांची तपासणी

मोबाइलचा टॉर्च, तुमची बॉडी आणि चार्ज केलेली बॅटरी, एवढंच लागतं.

बुरशी. लेन्सच्या मागून टॉर्च धरा आणि पुढून तिरकं बघा. मग उलटं करून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा झाडाच्या मुळांसारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. ठिपके दिसले तर ती धूळ, आणि थोडी धूळ सगळ्याच जुन्या लेन्समध्ये असते. पूर्ण काचेवर धुरकट पडदा दिसला तर तो हेझ, त्यानं फोटोचा कॉन्ट्रास्ट जातो. मागच्या वर्षी एका विक्रेत्यानं मला लेन्स दाखवली, वर चकचकीत, डबा-बिबा सगळं होतं. टॉर्च मारला तर काठाला पांढरे धागे. तो म्हणत राहिला, "धूळ आहे हो, पुसून निघेल." धूळ अशी फांद्या फुटून वाढत नाही. मी नमस्कार करून निघालो. बुरशी साफ करता येते, पण ती काचेवरचं कोटिंग खाते आणि गेलेलं कोटिंग परत येत नाही.

ओरखडे. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा फोटोत बहुतेक वेळा दिसतही नाही. मागच्या, सेन्सरकडच्या काचेवरचा ओरखडा जास्त त्रास देतो. लोक पुढची काच बघून भाव पाडतात आणि मागची बघायला विसरतात.

ॲपर्चरची पाती. कॅननची ईएफ लेन्स बॉडीवरून काढली की पाती उघडीच असतात. म्हणून बॉडीवर लावून एफ/८ ठेवा, शटर १ सेकंद करा आणि फोटो काढताना पुढून बघा, पाती झटकन मिटली पाहिजेत. निकॉनच्या जी आणि डी लेन्समध्ये मागे एक छोटी दांडी असते, ती बोटानं हलकेच सरकवून सोडा. पाती लगेच परत आली पाहिजेत. पात्यांवर तेलाचा ओलसर डाग असेल आणि ती आळसावल्यासारखी हलत असतील, तर खर्च वाढला.

स्क्रू आणि माउंट. मागच्या धातूच्या कड्यावरचे स्क्रू बघा. खाचा खरवडलेल्या असतील तर लेन्स कुणीतरी आधी उघडलीय. आपण समुद्राकाठचे, म्हणून आणखी एक गोष्ट: स्क्रूवर गंज आणि झूम रिंग फिरवताना कर्रकर्र आवाज. गंज म्हणजे खारी हवा, कर्रकर्र म्हणजे आत वाळू. दोन्ही असतील तर ती लेन्स कुणीतरी बीचवर भरपूर फिरवलीय.

चारही कोपरे. वर्तमानपत्राचं पान भिंतीला सपाट चिकटवा किंवा विटांच्या भिंतीसमोर अगदी सरळ उभे राहा. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा आणि स्क्रीनवर चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. तीन ठीक आणि एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स पडलेली असण्याची शक्यता मोठी, आतली काच सरकलेली असते.

फोकस. जवळ, लांब, परत जवळ असं पाच-सहा वेळा फोकस करा. मोटर अडखळली किंवा मधेच थांबली तर सोडून द्या. लेन्समध्ये स्टॅबिलायझर असेल तर तोही चालू-बंद करून बघा.

चोरीची तर नाही ना?

मोबाइल घेताना आपण *#०६# दाबून आयएमईआय बघतो आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो ब्लॅकलिस्टमध्ये आहे का ते तपासतो. लेन्ससाठी अशी कुठलीही सरकारी यादी नाही. तिथे फक्त सिरियल नंबर आणि कागद. म्हणून मूळ बिल किंवा वॉरंटी कार्ड मागा आणि त्यावरचा नंबर लेन्सवरच्या नंबराशी जुळवा. नंबर खरवडलेला असेल तर लेन्स फुकट दिली तरी नको.

हे कायद्याच्या दृष्टीनंही महत्त्वाचं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार, माल चोरीचा आहे हे माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेतला तर ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जुनं बिल नसेल तर निदान विक्रेत्याकडून साध्या कागदावर नाव, तारीख, सिरियल नंबर, रक्कम आणि सही घ्या, आणि पैसे यूपीआयनं द्या म्हणजे नोंद राहते.

पैसे देताना

"मी आर्मीत आहे, बदली झालीय, लेन्स कॅन्टीनच्या ट्रान्सपोर्टनं पाठवतो" हा मेसेज आला की ब्लॉक करा. ओळखपत्राचा फोटो पाठवला तरी विश्वास ठेवू नका, तो दुसऱ्याच कुणाचा असतो. "आणखी तिघे मागे लागलेत, टोकन टाका" हीसुद्धा जुनीच युक्ती. लेन्स हातात, तपासणी पूर्ण, मगच पैसे.

पुढे तुम्ही स्वतः लेन्स विकाल तेव्हा हेही लक्षात ठेवा: पैसे घ्यायला ना क्यूआर स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. पिन मागितला म्हणजे तुमच्याच खात्यातून पैसे जाणार. तरीही फसवणूक झालीच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० ला फोन करा आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

घरी आणल्यावर

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून, ताडपत्री घालून ठेवतात. लेन्सचंही तसंच आहे, पावसाळ्यात वापर कमी होतो आणि ती कपाटात, चामड्याच्या पाकिटात पडून राहते. नेमकी तेव्हाच बुरशी धरते. हवेतली आर्द्रता ६०-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला हवं ते मिळतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० च्याही वर असते.

ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलची पाकिटं आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. रंग बदलणारं सिलिका जेल घेतलं तर ते कधी वाळवायचं ते लगेच कळतं. आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरा. आणि बुरशी असलेली लेन्स चांगल्या लेन्ससोबत एका डब्यात ठेवू नका. बंदरावरून शूट करून आलात की बाहेरचा भाग किंचित ओल्या मऊ कापडानं पुसा, मग कोरड्यानं. पुढच्या काचेवर मीठ सुकलेलं असेल तर कोरडं घासू नका, त्यानंच ओरखडे पडतात.

थोडक्यात, खिशात ठेवायची यादी

- बॉडीचं आणि लेन्सचं पूर्ण नाव, एकेक अक्षर तपासून
- तीन ठिकाणचा भाव
- टॉर्च, बॉडी, चार्ज बॅटरी, वर्तमानपत्राचं पान
- सिरियल नंबर असलेलं बिल किंवा सहीचा कागद
- पैसे शेवटी

आणि एक गोष्ट पैशांपेक्षा मोठी: घाई नको. ऑर्डर उद्यावर आली असेल तर लेन्स विकत घेऊ नका, भाड्यानं आणा. घाईत माणूस टॉर्च मारायला विसरतो, आणि विकणाऱ्याला ते बरोबर कळतं. एक डील हुकली तर पुढच्या आठवड्यात दुसरी येते. तशीच लेन्स बाजारात भरपूर आहे, तुमची कमाई मात्र एकदाच झालेली आहे.